एकच तोस्का तीनदा: रेकॉर्डिंगं शेजारी-शेजारी ठेवून कशी ऐकायची

मागच्या उन्हाळ्यात सासरे आठ दिवस आमच्याकडे कोथरूडला राहायला होते. शेल्फवर बीथोव्हनची पाचवी सिम्फनी सहा वेळा दिसली तसे म्हणाले, "जावईबापू, ही एकच वस्तू सहा वेळा घेतलीत, दुकानदाराने गंडवलं का काय?" मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे एकच नाट्यपद बालगंधर्वांचं पण आहे आणि छोटा गंधर्वांचं पण आहे, आणि कुमारजींनी तर 'मला उमजलेले बालगंधर्व' असा अख्खा कार्यक्रमच केला होता, तेव्हा कुणी म्हटलं का की पद तर तेच आहे? त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागितला.

तर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि ऑपेरा यांची वेगवेगळी रेकॉर्डिंगं ताडून कशी बघायची याबद्दल मी जे चुकत-माकत शिकलो ते इथे लिहितोय. मी संगीतकार नाही, नोटेशनही धड वाचता येत नाही, नुसता ऐकणारा आहे. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. आपल्याकडे दोन मारवे शेजारी ठेवले तर मुळात दोन्ही वेळा गाणं वेगळंच झालेलं असतं, तुलना कुठून सुरू करायची हाच प्रश्न पडतो. तिकडे स्वर कागदावर लिहिलेले आहेत आणि सगळ्यांना तेच आहेत, त्यामुळे जो फरक ऐकू येतो तो वाजवणाऱ्याचा, गाणाऱ्याचा नाहीतर माइक लावणाऱ्याचा. पहिली तीन-चार वर्षं मी वाया घालवली कारण अख्खं रेकॉर्डिंग ऐकायचं, मग दुसरं अख्खं ऐकायचं आणि 'यातलं बेस्ट कुठलं' ते ठरवायचं असं चाललं होतं. दुसरं संपेपर्यंत पहिल्याचं काही डोक्यात राहिलेलं नसायचं. अख्ख्या रेकॉर्डिंगची तुलना होत नाही, जागांची होते. आपले जुने श्रोते 'काय जागा घेतली' म्हणतात ना, ती जागा पकडायची आणि तीच तीन जणांकडून ऐकायची. बाकीची सगळी पद्धत यातूनच येते.

आधी काय निवडायचं

छोटं आणि आधीच ओळखीचं. वाग्नरच्या 'रिंग'ने सुरुवात करू नका, ते चार ऑपेरांचं मिळून पंधरा तासांच्या घरातलं प्रकरण आहे, सोल्टी या कंडक्टरचं (म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याचं) जे प्रसिद्ध डेक्का कंपनीचं रेकॉर्डिंग आहे ते व्हिएन्नात पूर्ण व्हायलाच १९५८ ते १९६५ अशी वर्षं लागली. त्यापेक्षा बीथोव्हनच्या पाचवीचा पहिला भाग घ्या (सात-आठ मिनिटं), किंवा बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची सुरुवातीची आरिया, आणि ऑपेरातच पडायचं असेल तर पुच्चिनीचा 'तोस्का'. रेकॉर्डिंगं तीनच घ्या. दोन घेतली की भांडण होतं, एक चांगलं आणि एक वाईट असंच डोकं ठरवून टाकतं, आणि पाच घेतली की गोंधळ.

कुणाचं निवडायचं हा प्रश्न कुणालाच चुकलेला नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी पाठवली, त्यात आपल्या केसरबाई केरकर आहेत आणि पाचवीचा हाच पहिला भागही आहे, तिथेही शेवटी कुणातरी एकाची पाचवी घ्यावीच लागली. क्लेंपरर या कंडक्टरची घेतली. माझ्या घरी मत घेतलं असतं तर कंडक्टर कार्लोस क्लायबरची गेली असती, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची, १९७४ ची.

चिठ्ठी करा, नाहीतर घोळ होतो

अ‍ॅपवर 'बीथोव्हन पाच कारायान' शोधलं की ढीगभर निकाल येतात, कारण कारायान या कंडक्टरने बीथोव्हनच्या सगळ्या सिम्फनी चारदा रेकॉर्ड केल्यात: पन्नाशीच्या दशकात लंडनच्या फिलहार्मोनियाबरोबर, मग बर्लिनबरोबर १९६१-६२, सत्तरच्या दशकात आणि परत ऐंशीच्या दशकात. कव्हरवर मोठ्या अक्षरात २०१४ लिहिलंय म्हणजे ते २०१४ चं वाजवलेलं नसतं, ती रीमास्टरची, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग नव्याने साफसूफ करून काढल्याची, तारीख असते. म्हणून प्रत्येकाची चिठ्ठी करा: कंडक्टर, ऑर्केस्ट्रा, गाणारे, रेकॉर्डिंगचं साल (प्रकाशनाचं नाही), गाव आणि हॉल, लाइव्ह की स्टुडिओ, मोनो की स्टीरिओ. जुन्या सीडीच्या मागे एडीडी, डीडीडी अशी अक्षरं असायची, पहिलं अक्षर मूळ रेकॉर्डिंगचं, अ‍ॅनलॉग की डिजिटल. २०२३ मध्ये आलेलं अ‍ॅपल म्युझिक क्लासिकल कृतीप्रमाणे रेकॉर्डिंगं मांडतं, त्याने पुष्कळ त्रास वाचतो. 'शांत झोपेसाठी क्लासिकल' वगैरे लिस्टांमधून मात्र काही उचलू नका, कुणी वाजवलंय याचा पत्ता नसतो.

'लाइव्ह'वर पण फार विसंबू नका. बऱ्याचदा दोन-तीन रात्रींची जोडाजोड असते आणि वर सरावातले तुकडे.

आवाज सारखा करा

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन रेकॉर्डिंगांतलं एक जरासं मोठं वाजत असेल तर आपल्याला तेच चांगलं वाटतं, आपल्याला ते 'मोठं' म्हणून कळत नाही, 'जिवंत', 'भरीव', 'स्पष्ट' असं काहीतरी वाटतं, कारण आवाज वाढला की खर्ज आणि तार दोन्हीकडचं कानाला जास्त लागतं. मी स्वतः वर्षभर एका रेकॉर्डिंगचे गोडवे गात होतो आणि नंतर कळलं की त्याचा ट्रान्सफरच (मूळ टेप किंवा तबकडीवरून उतरवलेली प्रत) मोठ्या आवाजाचा होता.

तर फोनवर आवाज मोजायचं कुठलंही साधं अ‍ॅप घ्या, ते बसायच्या जागी ठेवा आणि मध्यम आवाजाची एकच जागा तिन्हीत वाजवून व्हॉल्यूम जुळवा. सगळ्यात जोराच्या जागेवर जुळवू नका, तिथेच तर प्रत्येकाचा फरक असतो. अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (आवाज आपोआप सारखा करणारी सोय) एकतर तिघांनाही चालू किंवा तिघांनाही बंद, मी बंद ठेवतो. इक्वलायझर आणि ते डोक्याभोवती आवाज फिरवणारं जे काय असतं ते बंदच. हेडफोन जो असेल तो, पण तिन्हीला तोच.

आणि पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, मान्य आहे, पण ऑपेरातल्या हळू जागा पंख्याखाली अक्षरशः दिसेनाशा होतात, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, मग एकदम कोरस आणि तोफा येतात आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. पुण्यात याला उत्तम वेळ म्हणजे दुपारी १ ते ४. आपल्या या वेळेची जगाने इतकी टिंगल केली पण अख्खी गल्ली शांत असण्याचा असा फायदा दुसऱ्या कुठल्या शहरात मिळत नसेल. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू असते, त्या दिवसांत आम्ही सातनंतर काही लावतच नाही.

जागा ठरवा

पाचवीच्या पहिल्या भागात मी या जागा बघतो.

सुरुवातीचे चार स्वर, मग लांबवलेला ठहराव, परत चार, परत ठहराव. लिहिताना बीथोव्हनने दुसरा ठहराव एका मापाने जास्त लांब लिहिलाय. तुमचा कंडक्टर तो खरंच लांब धरतो का, की दोन्ही सारखेच? आणि ठहरावानंतर लगेच सुटतो की श्वास घेतो? क्लायबर श्वास घ्यायला वेळच देत नाही, फुर्टवेंगलर ते चार स्वर दारावर लावलेल्या शिलालेखासारखे आधी वेगळे उभे करतो आणि मग घरात शिरतो.

दुसरी जागा गंमतशीर आहे. दुसरी चाल सुरू व्हायच्या आधी हॉर्न एक हाळी देतात. तीच हाळी पुढे परत येते तेव्हा बीथोव्हनने ती 'बसून' नावाच्या खर्जातल्या फुंकवाद्यांना दिलीय, कारण त्या काळच्या बिनझडपांच्या हॉर्नला तिथले स्वर नीट येत नव्हते. पुढे झडपांचे हॉर्न आले आणि कितीतरी कंडक्टरांनी 'त्याला हॉर्नच हवे असणार' असं ठरवून ती हाळी हॉर्नना देऊन टाकली. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे, म्हणजे गार्डिनरसारखे, ती बसूनकडेच ठेवतात. तुमच्या तिन्हीत कुणी वाजवलंय ऐका. एकदा कळलं की परत न ऐकल्यासारखं करता येत नाही, मला आता बसूनच आवडतात, थोडे घसा बसल्यासारखे.

तिसरी जागा ती हाळी परत यायच्या आधीची, सगळा ऑर्केस्ट्रा धावत असताना एकदम थांबतो आणि एकटी ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) एक छोटीशी आलापी घेते. काही ठिकाणी ती ओबो रडते, काही ठिकाणी नुसती हजेरी लावून जाते.

वेळ मोजताना एक सावधगिरी. नुसतं 'हे ३८ मिनिटांचं, ते ५१ मिनिटांचं, म्हणजे ते संथ' असं नसतं. हे आकडे ग्लेन गूल्डच्या दोन गोल्डबर्गचे आहेत, पहिलं १९५५ चं आणि दुसरं १९८१ चं, माणूस तोच, पियानोही दोन्हीकडे. पण १९५५ मध्ये त्याने पुनरावृत्ती एकही घेतली नाही आणि १९८१ मध्ये बऱ्याच ठिकाणी घेतली, म्हणजे जास्तीच्या १३ मिनिटांतला काही भाग संथपणा नाहीच. खरी लय बघायची तर सुरुवातीची आरिया बघा, दोन्हीत पुनरावृत्तीशिवाय आहे, आधी दोन मिनिटांच्या आतबाहेर आणि नंतर जवळपास तीन मिनिटं. आता बोला. (मागे तो गुणगुणतोय ते ऐकू येतं, हेडफोन बिघडलेला नाही.) सिम्फनीतही तसंच, पहिल्या भागाची पुनरावृत्ती घेतलीय का ते आधी बघायचं आणि मगच घड्याळ.

कागदावर बघायचं असेल तर आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुन्या कृतींची नोटेशनं फुकट मिळतात. वाचता येत नसलं तरी काळं कुठे दाट आहे आणि कुठे मोकळं आहे एवढं दिसलं तरी जागा सापडते.

नाव न बघता ऐका

घरातल्या कुणाला तरी बसवा आणि त्यांनाच लावू द्या, तुम्ही पाठ करून बसा. आमच्याकडे हे काम सासऱ्यांनी केलं, क्रम पण त्यांनीच ठरवला आणि एकदा मुद्दाम एकच रेकॉर्डिंग लागोपाठ दोनदा लावलं. मी दोघांमध्ये 'स्पष्ट फरक' लिहून ठेवला होता. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

तेवढ्यासाठी लाज वाटायचं कारण नाही, यात भले भले पडलेत. जॉयस हॅटो नावाच्या इंग्लिश पियानोवादक बाई होत्या, २००६ मध्ये गेल्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या नावावर शंभरावर सीडी आल्या आणि समीक्षकांनी वाहवा केली. २००७ मध्ये कुणीतरी त्यांची लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तर आयट्यून्सने लास्लो सिमॉन या दुसऱ्याच वादकाचं नाव दाखवलं. मग तपासलं तर ते रेकॉर्डिंग खरंच सिमॉनचं निघालं, पाठोपाठ बाकीच्यांचीही उचललेली निघाली, आणि हे सगळं त्यांच्या नवऱ्याने केलेलं होतं. वाजवणारे चांगलेच होते, प्रश्न तो नव्हता, पण आपण नाव आणि गोष्ट किती ऐकतो आणि संगीत किती, ते मला या प्रकरणावरून कळलं.

ऐकताना वहीत लिहा, आणि 'भारी', 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द बंद. त्याऐवजी काय घडलं ते लिहा: 'ओबो लांबवली', 'बासरी ऐकूच येत नाही', 'बाई शेवटचा शब्द गिळतात', 'इथे सगळे घाईत'. महिन्याने वाचलं तरी कळलं पाहिजे. माझ्या जुन्या वहीत एका पानावर फक्त 'वा!!' एवढंच लिहिलंय, कशाला ते देव जाणे.

ऑपेरा: तोस्काचा त्रिकोण

ऑपेरात आधी शब्द वाचा, भाषांतरासकट, नाहीतर तुम्ही फक्त आवाजांची तुलना करत बसाल. तोस्का पहिल्यांदा रोममध्ये १४ जानेवारी १९०० ला झाला, गोष्टही रोमचीच, जून १८०० मधली: गायिका तोस्का, तिचा चित्रकार प्रियकर काव्हारादोस्सी, आणि पोलिसांचा मुख्य स्कार्पिया, ज्याचा तोस्कावर डोळा आहे.

आता ही तीन रेकॉर्डिंगं घ्या. १९५३, मिलानचं ला स्काला, कंडक्टर दे साबाता: मारिया कॅलास, दि स्तेफानो, तितो गोब्बी. १९६२, व्हिएन्ना, कारायान: लिओन्टिन प्राइस, परत दि स्तेफानो, आणि स्कार्पिया ताद्देई. १९६४, पॅरिस, प्रेत्र: परत कॅलास, बेर्गोन्झी, परत गोब्बी. म्हणजे बघा, टेनर (काव्हारादोस्सी गाणारा, उंच पट्टीचा पुरुषी आवाज) पहिल्या दोन्हीत तोच, तोस्का आणि स्कार्पिया पहिल्या आणि तिसऱ्यात तेच. माणूस तोच ठेवून फक्त वय आणि कंडक्टर बदलून बघायची अशी सोय फार कमी ऑपेरांत मिळते. शिकायला यापेक्षा चांगला संच मला माहीत नाही.

पहिली जागा, पहिल्या अंकाचा शेवट. चर्चमध्ये दोन घंटा आलटून-पालटून वाजत राहतात (पेटीवर बघाल तर काळी पाच आणि पांढरी चार), तोफा, ऑर्गन, हळूहळू भरत जाणारा कोरस, आणि या सगळ्यावर स्कार्पिया स्वतःशीच तोस्काबद्दल बोलतोय. १९५३ चं मोनो आहे, सगळं एकाच खिडकीतून येतं, तरी दे साबाता तो डोंगर असा चढवतो की खिडकी लहान आहे हे विसरायला होतं. १९६२ च्या डेक्काच्या स्टीरिओत चर्च खरंच केवढं मोठं आहे ते कळतं, तोफा हवेत घुमतात, पण मला तिथे स्कार्पियापेक्षा चर्चच जास्त दिसतं. गोब्बी ओरडत नाही, चावून बोलतो. हे १९५३ आणि १९६४ दोन्हीत आहे, फक्त अकरा वर्षांनी आवाज सुकलाय आणि त्या खलनायकाला ते शोभतं.

दुसरी जागा, दुसऱ्या अंकात तोस्का विचारते, 'क्वान्तो?', म्हणजे किती, प्रियकराला सोडायचे किती पैसे घेणार. एक शब्द. त्यानंतर 'इल प्रेत्सो', किंमत. कॅलास तो असा टाकते की समोरच्याच्या तोंडावर नाणं फेकावं. प्राइसचा आवाज तिघींत (म्हणजे दोघींत, पण कॅलास दोन वयांची आहे) सगळ्यात देखणा, मखमली, आणि 'विस्सी दार्ते' या तोस्काच्या गाण्याच्या शेवटाकडे तो वरचा बी फ्लॅट येतो, पेटीच्या भाषेत काळी पाच, तिथून खाली उतरताना तिचं ऐकत राहावंसं वाटतं. १९५३ ची कॅलास एकोणतीस वर्षांची होती, १९६४ मध्ये चाळिशी गाठलेली, वरचे स्वर डगमगतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बंदच केलं होतं. आता मला शब्दांसाठी तेच परत परत लावावंसं वाटतं. याच्याशी सहमत व्हायलाच पाहिजे असं नाही, माझ्या बायकोला अजिबात पटत नाही.

तिसरी जागा खुनानंतरची. स्कार्पिया पडलाय आणि तोस्का म्हणते की याच्यापुढे सगळं रोम थरथरत होतं. ते वाक्य एकाच खालच्या स्वरावर लिहिलंय, काळी एक. कुणी त्या स्वरावर म्हणतं, कुणी सरळ बोलून टाकतं. तिन्ही ऐका आणि लिहा.

चौथी, तिसऱ्या अंकात दि स्तेफानोचं 'ए लुचेवान ले स्तेल्ले', म्हणजे काव्हारादोस्सीचं गाणं, १९५३ आणि १९६२. आधी आवाज मधाळ आहे आणि मध्येच तो स्वर धरून एकदम बारीक करतो, नऊ वर्षांनी ताकद लावावी लागतेय ते ऐकू येतं. त्याच अंकाच्या सुरुवातीला पहाटे गुराखी पोरगा गातो, ते काही ठिकाणी खरंच मुलगा गातो आणि काही ठिकाणी बाई, तेही बघून घ्या.

इतर ऑपेरांत काय वगळलंय आणि काय घातलंय त्याकडेही लक्ष असू द्या. व्हर्दीच्या 'ला त्राव्हियाता'त पहिल्या अंकाच्या शेवटी पुष्कळ गायिका जो वरचा ई फ्लॅट (काळी दोन) मारतात तो व्हर्दीने लिहिलेलाच नाही, त्यामुळे जिने नाही घेतला तिला नापास करू नका. मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चं क्लेंपररचं १९६४ चं रेकॉर्डिंग आहे, त्यात मधले संवाद काढूनच टाकलेत. आपलं 'सौभद्र' नुसतं पदांचं लावलं तर कसं होईल तसं.

जुनं, खरखरणारं

बालगंधर्वांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही, पण नव्यांसाठी सांगतो, पहिली दहा मिनिटं मत बनवू नका, कान खरखरीतून आत जायला तेवढा वेळ घेतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून १९५३ च्या तोस्कासारखं रेकॉर्डिंग वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या रूपात मिळतं आणि तेच रेकॉर्डिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वाजतं. फार साफ केलेलं टाळा. खरखर घालवताना आवाजाची धार पण जाते, गाणारा गालिच्यामागून गातोय असं वाटतं.

एक आपल्याकडची युक्ती. तबकडी चुकीच्या वेगाने उतरवली असेल तर सूर चढतो नाहीतर उतरतो. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बघा, पांढरी सहा म्हणजे आजचा ४४० चा ए. जुनी वाद्यं घेऊन बाख वाजवणारे बहुधा ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ काळी चार, अर्धा स्वर खाली, ती चूक नाही. पण १९५० चं ऑपेरा रेकॉर्डिंग पाव स्वर चढलेलं लागलं तर त्या गायिकेच्या 'तेजस्वी' आवाजाबद्दल लिहायच्या आधी दुसरा ट्रान्सफर शोधा.

मग एकदा सगळं ऐका

वही बंद, जागा विसरा, आणि तिन्ही अख्खी ऐका, पण वेगवेगळ्या दिवशी. तुकड्यांत जिंकणारं रेकॉर्डिंग अख्ख्यात कधीकधी थकवतं, आणि फुर्टवेंगलरसारख्याचं तर तुकड्यात काही कळतच नाही, त्याची लय मागे काय झालं त्यावर ठरत असते. माझ्या वहीत म्हणून दोन कॉलम आहेत, 'जागा' आणि 'सबंध', आणि पुष्कळदा दोन्हीकडे वेगळी नावं आहेत.

चार मित्र जमवून करणार असाल तर दीड तासाच्या वर नको, एका बैठकीत तीनच जागा, नावं शेवटी, आणि वाजत असताना कुणी 'मी प्रत्यक्ष ऐकलंय' असं सुरू केलं तर त्याला चहा करायला पाठवायचं. प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर कॅम्पात मझदा हॉलला पियानो आणि चेंबरच्या (मोजक्या वादकांच्या) मैफली होतात, आणि मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांचा सीझन बघून डेक्कन क्वीनने जायचं, रात्री परतीला शेअर टॅक्सी. एलपी हव्या असतील तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा, कव्हरवर कॅलास असली तरी तबकडी बाहेर काढून लेबल वाचा, मी एकदा मोठ्या उत्साहाने घरी आणलेल्या तोस्काच्या कव्हरमध्ये मराठी बडबडगीतं निघाली.